गेमिंग सेंटरला नऊजण निघालात, तर लिंबूटिंबू कुणी राहू नये

प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या बॅचचे नऊ मित्रमैत्रिणी बारा वर्षांनी पुण्यात भेटताहेत. सगळे चौतिशी-पस्तिशीचे. हॉटेलात बसून जेवण्यापेक्षा धावायचं, उड्या मारायच्या, एकत्र खेळायचं अशा सेंटरला जायचं ठरलंय. पण एकाच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, एकाचं वजन शंभर किलोच्या पुढे आहे, एकीचं बाळ सात महिन्यांचं आहे आणि एकाला बंद जागेत घाबरायला होतं. तर कुठले खेळ घ्यावेत, किती वेळाचं बुकिंग करावं, आणि या चौघांचं काय करावं?

चौघांचं काय करावं हे तुम्ही शेवटी विचारलंत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यातून निघतात.

मी २०१३ पासून या कामात आहे. आधी लेझर टॅगच्या (अंधाऱ्या मैदानात किरणांच्या बंदुकीने एकमेकांवर नेम धरायचा खेळ) मैदानावर मार्शल, म्हणजे खेळावर देखरेख करणारी होते, मग चार वर्षं ट्रॅम्पोलीन पार्कमध्ये सेफ्टी ब्रीफिंग दिलं, नंतर एस्केप रूमची (कोडी सोडवत बंद खोलीतून बाहेर पडायचा खेळ) गेम मास्टर, म्हणजे बाहेरून तो खेळ चालवणारी झाले, आणि आता पुण्यातच एका सेंटरची फ्लोअर इनचार्ज आहे. इतके गट येताना-जाताना पाहिले की बाहेर पडणाऱ्या गटाच्या चेहऱ्यावरून मला कळतं, आत काय झालं असेल. मशीन नवं होतं की जुनं, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो एका गोष्टीने: त्यांच्यातलं कुणी दोन तास बाकावर बसून बाकीच्यांच्या पिशव्या आणि मोबाइल सांभाळत होतं का?

लहानपणी आपण धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचो. त्याच्यावर राज्य यायचं नाही, तो बाद झाला तरी मोजला जायचा नाही. लिंबूटिंबू. पाच वर्षांच्या पोराला त्यातही मजा वाटते, कारण मोठ्यांनी घेतलं हेच त्याला पुष्कळ असतं. पस्तिशीच्या माणसाला मात्र आपण लिंबूटिंबू झालोय हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि तो ‘तुम्ही खेळा रे, मी फोटो काढतो’ असं म्हणून बाजूला होतो. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा असतो, म्हणून मित्रांच्या लक्षात येत नाही. काउंटरच्या मागे उभं राहून मला ते दिसतं. म्हणून माझा सल्ला असा की, आवडता खेळ आधी ठरवून त्यात माणसं बसवू नका. माणसं समोर ठेवा आणि मग खेळ निवडा.

अशा अंग हलवायच्या खेळांना ‘फिजिकल गेमिंग’ म्हणतात. त्यात आता चार-पाच वेगवेगळे प्रकार एकाच छताखाली येतात, आणि प्रत्येकाची शरीराकडून मागणी वेगळी असते. एक एक घेऊ.

एलईडी फरशांच्या खोल्या सध्या सगळ्यात जास्त मागितल्या जातात. कॅनडात विनिपेगला सुरू झालेली ॲक्टिव्हेट नावाची साखळी या प्रकारात गाजली, आणि त्या धर्तीची सेंटरं आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही निघाली आहेत. मनगटाला बँड बांधतात. खोलीच्या दारावरच्या स्क्रीनला तो लावला की आत कोण कोण चाललंय हे यंत्रणेला कळतं. आत जमिनीवर चौकोनी दिव्यांच्या फरश्या असतात आणि कुठल्या फरशीवर पाय पडलाय हे त्यांना समजतं. लाल फरशीवर पाय पडला की टीमचा एक जीव गेला, निळ्यावर पडला की गुण. लाल पट्टे सरकत असतात. आपण अंगणात डोंगर का पाणी खेळायचो त्याचंच हे रूप आहे, फक्त इथे पाणी हलतं आणि राज्य मशीनवर असतं. एक डाव दोन-तीन मिनिटांचा. हरलात की लगेच पुन्हा. यामुळेच लोक यात ओढले जातात.

या खोल्यांत साधारणपणे एका वेळी पाचजण घेतात. तुम्ही नऊ आहात, म्हणजे पाच आणि चार. इथे बहुतेक गट पहिली चूक करतात: कॉलेजातल्या जुन्या कंपूंप्रमाणे टीम पडतात. चपळ पाचजण एकीकडे, उरलेले चौघे दुसरीकडे. अर्ध्या तासात पहिली टीम वरच्या लेव्हलला पोचते आणि दुसरी पहिल्याच खोलीत अडकून पडते, मग बोर्डावरचे आकडे बघत शांत होत जाते. तसं करू नका. दर वीस मिनिटांनी टीम मोडा आणि पुन्हा पाडा. कुठल्याही टीममध्ये एक पळणारा, एक लक्षात ठेवणारा आणि एक मोठ्या आवाजाचा माणूस हवा.

मोठ्या आवाजाचा माणूस कशाला, ते सांगते. गेल्या पावसाळ्यात एका आयटी कंपनीतले पाचजण आले होते. सगळे फिट, सायकलिंग करणारे. निळी फरशी पेटली की पाचहीजण तिच्याकडे धावायचे, एकमेकांवर आपटायचे आणि मागे दुसरी निळी फरशी तशीच विझून जायची. आठ डाव गेले, तिसरी लेव्हल काही सुटेना. नवव्या डावाला त्यांच्यातल्या एकीच्या पोटऱ्या भरून आल्या, म्हणून ती कोपऱ्यातल्या सुरक्षित फरशीवर उभी राहिली आणि तिथूनच ओरडायला लागली, ‘समीर डावीकडे! खिडकीकडचं तुझं! थांब, थांब, आता जा!’ त्या डावात लेव्हल सुटली. खोलीचे चार भाग करायचे, प्रत्येकाने आपला भाग सोडायचा नाही आणि एकाने उभं राहून सांगायचं, एवढंच त्यातलं गुपित आहे. पळणाऱ्याला स्वतःच्या पायापुढचं दिसतं, उभ्या माणसाला सगळी खोली दिसते.

तुमचा गुडघेवाला मित्र इथे बसतो. कोपऱ्यातला माणूस ही खरी जागा आहे, दयेपोटी दिलेली नाही. तो नसेल तर टीम हरते. मात्र आत शिरण्याआधी मार्शलला सांगा की हा धावणार नाही, एकाच फरशीवर उभा राहील. म्हणजे तो अशी लेव्हल लावून देईल जिच्यात सगळी जमीन एकदम लाल होत नाही. लिगामेंट झालेल्या गुडघ्याला सरळ चालणं फारसं त्रास देत नाही. पाय रोवून अंग अचानक वळवणं हाच त्याचा शत्रू, आणि एलईडी फरशीवर जो धावतो तो दर दोन सेकंदांनी तेच करतो. ऑपरेशनला नऊ महिने व्हायचे असतील तर उभं राहण्यापलीकडे काहीही नको. झाले असले तरी त्याच्या फिजिओला एक फोन करूनच या.

याच खोल्यांबद्दल आणखी एक. एकदा एक गृहस्थ सारखे लाल फरशीवर पाय देत होते. मित्रांनी थट्टा सुरू केली. ते हसत होते, पण घामाघूम झाले होते. मी डाव थांबवून हळूच विचारलं, ‘सर, लाल आणि हिरवं वेगळं दिसतंय ना?’ ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘नाही दिसत. मला वाटलं, खोलीत अंधार आहे म्हणून.’ आम्ही लाल-निळ्याचा गेम लावला आणि त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त गुण केले. लाल-हिरव्यातला फरक न कळणं पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, आणि अनेकांना ते मोठेपणीही ठाऊक नसतं. तुमच्यातलं कुणी सारखं चुकत असेल तर हसण्याआधी हे विचारा. आणि कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर फ्लॅश मारणाऱ्या दिव्यांच्या खोलीत नेऊच नका. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश अशा काही माणसांना झटका आणू शकतो, आणि आमच्याकडचे कितीतरी इफेक्ट त्याच टप्प्यात बसतात.

आता ट्रॅम्पोलीन. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मी पाहिलेल्या मोठ्या दुखापती बहुतेक याच मजल्यावर झाल्या आणि बहुतेक सगळ्या टाळता येण्यासारख्या होत्या.

ट्रॅम्पोलीन हे खेळणं वाटतं, पण ते साधन म्हणून बनलं. १९३०च्या दशकात अमेरिकेत आयोवामध्ये जॉर्ज निसेन आणि लॅरी ग्रिसवोल्ड या दोघा जिम्नॅस्टनी आजचं ट्रॅम्पोलीन बनवलं, आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकचा खेळ आहे. त्या खेळात प्रशिक्षित माणूससुद्धा चादरीवर, म्हणजे उडायच्या ताणलेल्या कापडावर, एकटाच असतो. ही ‘एकटाच’ गोष्ट आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही.

दोघे एकाच चादरीवर उडाले तर काय होतं बघा. जड माणूस खाली येतो तेव्हा चादर खोल दबते आणि स्प्रिंगांमध्ये ताकद साठते. ती ताकद परत यायच्या क्षणी हलका माणूस चादरीवर टेकला, तर त्याची स्वतःची आणि जड माणसाची अशी दोघांची उसळी त्या एकट्याला मिळते. तो मारायला गेलेला असतो दोन फुटांची उडी आणि जातो पाच फुटांवर, हात-पाय कुठे आहेत याचा अंदाज नसताना. याच्या उलटही होतं. चादर वर येत असताना हलका माणूस उतरला तर त्याला ती सिमेंटसारखी लागते आणि घोटा किंवा नडगी जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२मध्ये ट्रॅम्पोलीनवर जे निवेदन काढलं त्यात सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेकजण उडत असताना होतात असं नोंदलंय, आणि धोका सर्वांत हलक्याला जास्त. तुमच्यात शंभर किलोचा मित्र आहे आणि पन्नास-पंचावन्नच्या मैत्रिणी असतील. व्हिडिओसाठी हात धरून एकत्र उडी मारायचा मोह होणार. एका चादरीवर एक माणूस, हा नियम त्या एका व्हिडिओसाठीही मोडू नका.

उतरण्याची पद्धत मी प्रत्येक गटाला हात धरून शिकवते. पाय खांद्यांइतके लांब, गुडघे किंचित वाकलेले, तळवे पूर्ण टेकलेले, नजर समोरच्या भिंतीवर. तोल जातोय असं वाटलं की हात मागे टेकून स्वतःला सावरायचं नाही, मनगट जातं. हात छातीशी घ्यायचे आणि बसकण मारायची. थांबायचं असेल तर गुडघे वाकवून उसळी गिळून टाकायची. पहिली पाच मिनिटं फक्त हेच करा. कोलांटीउडी तुमच्यातल्या कुणालाही शाळेत येत होती म्हणून आज येईल असं धरू नका. फोमच्या खड्ड्यात डोक्याने सूर मारायचा नाही. ठोकळे मऊ असतात, पण त्यांच्या फटीतून मान थेट तळाकडे जाऊ शकते. पायांवर किंवा बसत्या स्थितीत पडा, आणि आधी पडलेला माणूस बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याने उडी टाकू नका.

तुमच्या मैत्रिणीबद्दल, जिचं बाळ सात महिन्यांचं आहे. हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी लिहिते. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असतात. उडी मारताना लघवीचे थेंब सुटणं, खाली जडपणा वाटणं हे खूप जणींना होतं. कितीतरी जणी मधेच उतरून माझ्याकडे येतात आणि खालच्या आवाजात बाथरूम कुठे आहे विचारतात, नंतर परत चादरीवर जात नाहीत. तिची डिलिव्हरी कशी झाली, डॉक्टरांनी काय सांगितलंय हे तिचं तिला ठाऊक. गटात तिला ‘अगं चल गं, काही होत नाही’ असा आग्रह करू नका. लेझर टॅग, एस्केप रूम, फेकण्याचे खेळ यांत ती बिनघोर पूर्ण खेळाडू असेल.

आणि वजनाचं. बहुतेक ट्रॅम्पोलीन पार्कना, रोप कोर्सला (उंचावरच्या दोरांवरून चालायचा खेळ) आणि झिपलाइनला वजनाची मर्यादा असते. ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, कारण ती त्या-त्या चौकटीवर आणि हार्नेसवर (अंगाला बांधायच्या सुरक्षापट्ट्यांवर) ठरते. काही ठिकाणी काउंटरवर वजनकाटाच असतो. मागे रांगेत आठ मित्र उभे, पुढे एकजण काट्यावर, आणि काउंटरवरचा मुलगा मान हलवून ‘सर, नाही चालणार’ म्हणतो, हे दृश्य मी जितक्या वेळा पाहिलंय तितक्या वेळा मला वाईट वाटलंय. त्या माणसाचा तो दिवस तिथेच संपतो. ज्याने बुकिंगची जबाबदारी घेतलीय त्याने आठवडाभर आधी फोन करून प्रत्येक ॲक्टिव्हिटीची मर्यादा विचारावी, कुणाचंही नाव न घेता. शंभरच्या पुढच्या मित्राला बसत नसेल तर तो खेळ नऊही जणांच्या यादीतून काढून टाका. दुसरे खेळ पुष्कळ आहेत.

उदाहरणार्थ लेझर टॅग. तुमच्या गटासाठी मी हाच पहिला लावेन. १९८४ साली अमेरिकेत डॅलसला जॉर्ज कार्टर यांनी फोटॉन नावाने याचं पहिलं सेंटर काढलं आणि तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. नाव लेझर असलं तरी नेम नोंदवायचं काम इन्फ्रारेड किरण करतात, घरातल्या टीव्हीच्या रिमोटसारखे. डोळ्यांना दिसणारी रंगीत रेघ ही शोभा आहे. जॅकेटवर छातीला, पाठीला, खांद्यावर सेन्सर असतात. यात धावायला मनाईच असते, अंधारात कोपऱ्यावर डोकी आपटतात म्हणून. त्यामुळे गुडघा, वजन, बाळंतपण यांतलं काहीच आड येत नाही. जो भिंतीला पाठ लावून शांत उभा राहतो आणि एकच वाट धरून ठेवतो तो धावपळ करणाऱ्यापेक्षा जास्त गुण करतो. गडद कपडे घाला, कारण मैदानात अल्ट्राव्हायोलेट दिवे असतात आणि पांढरा शर्ट चांदण्यासारखा उजळतो. धुक्याच्या मशीनचा त्रास दम्याच्या माणसाला होऊ शकतो. कुणी असेल तर इनहेलर खिशात ठेवा आणि मशीन बंद ठेवायला सांगा, ऐकतात.

बोलिंगला तासभर ठेवा, पण मध्ये नको, शेवटी. चेंडू आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतका घ्या आणि बोटं भोकांत सहज फिरताहेत ना ते बघा. गुडघेवाल्याने पावलं न घेता रेषेशी उभं राहून टाकावा.

एस्केप रूम हा प्रकार २००७ साली जपानमध्ये क्योटोला ताकाओ काटो यांनी सुरू केला. तुमच्या गटाला तो शोभेल, फक्त नऊजण एका खोलीत शिरू नका. पाचच्या वर माणसं झाली की निम्मे भिंतीला टेकून उभे राहतात. दोन खोल्या घ्या, चार आणि पाच. मी कॅमेऱ्यावरून असे कितीतरी तास पाहिलेत आणि वेळ जातो तो अवघड कोड्यात क्वचितच. एकाच्या हातात किल्ली असते, दुसरा त्याच किल्लीचं कुलूप शोधत असतो, आणि दोघं एकमेकांना काहीच सांगत नाहीत. जे सापडेल ते मोठ्याने बोला. वापरून झालेली वस्तू एका कोपऱ्यात टाका. दहा मिनिटं अडलात तर हिंट मागा, त्यात कमीपणा नाही. आम्ही आतुरतेने वाट बघत असतो.

बंद जागेत घाबरणाऱ्या मित्राचा प्रश्न इथे येतो, आणि त्याच्यासाठी मी जे सांगणार आहे ते खरं तर नऊही जणांनी करायला हवं.

२०१९ च्या जानेवारीत पोलंडमधल्या कोशालिन शहरात पंधरा वर्षांच्या पाच मुली एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला एस्केप रूममध्ये गेल्या होत्या. गॅस हीटरमुळे आग लागली. त्यांना खोलीतून बाहेर पडता आलं नाही आणि पाचहीजणी गेल्या. आपल्याकडे २५ मे २०२४ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये आग लागली. उन्हाळ्याची सुट्टी, शनिवारची गर्दी, पत्र्याचं बांधकाम, वेल्डिंगचं काम सुरू, आत इंधनाचा साठा, अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र नाही. पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्या रविवारी मी आमच्या सेंटरच्या प्रत्येक दारापाशी जाऊन उभी राहिले. मागच्या दारापाशी कोल्ड्रिंकचे रिकामे क्रेट रचलेले होते. ते मी स्वतः उचलून बाहेर ठेवले आणि तेव्हापासून रोज सकाळी शटर उघडल्यावर ते दार ढकलून बघते.

म्हणून तुम्ही पोचल्यावर बँड बांधायच्या आधी पाच मिनिटं काढा. आत आलात ते दार सोडून दुसरं दार कुठे आहे? ते बाहेरच्या मोकळ्या जागेत उघडतं की दुसऱ्या दुकानात? त्याच्यासमोर सामान आहे का? ढकलून बघा. कुलूप असेल तर तिथून परत फिरा, पैसे गेले तरी. कुठे वेल्डिंग, वायरिंगचं काम चालू असेल तरीही परत फिरा. एस्केप रूममध्ये गेम मास्टरला विचारा, ‘आतून दार उघडायचं बटण कुठे आहे? वीज गेली तर काय होतं?’ बरोबर उत्तर असं आहे: दार चुंबकी कुलपाचं आहे, वीज गेली की ते आपोआप सुटतं आणि बटण दाराशेजारीच आहे. त्याला तुमच्यासमोर एकदा दार बंद करून बटणाने उघडून दाखवायला सांगा. चांगला गेम मास्टर आनंदाने दाखवतो. घाबरणाऱ्या मित्राला ते बटण स्वतःच्या हाताने दाबू द्या. मी पाहिलंय, ज्या माणसाने ते दार स्वतः एकदा उघडलेलं असतं तो आत तासभर आरामात राहतो. तरीही त्याला नको वाटलं तर आम्ही त्याला कंट्रोल रूममध्ये बसवतो, माइक देतो, आणि टीमला हिंट तोच देतो. अशा वेळी आतले मित्र त्याच्या आवाजावर अवलंबून असतात.

वेव्हर म्हणून जो कागद देतात (खेळातली जोखीम मला मान्य आहे, असं लिहून देण्याचा) तो वाचून सही करा, विशेषतः तब्येतीचे प्रश्न खरे भरा. सही घेतली म्हणजे सेंटरची जबाबदारी संपली असं होत नाही. दार कुलूपबंद ठेवणं, फाटलेली चादर चालू ठेवणं हा निष्काळजीपणा सहीने माफ होत नसतो. पण तुम्ही लिहिलेली माहितीच मार्शलला तुमची काळजी घ्यायला उपयोगी पडते.

वेळेचं. शनिवारी संध्याकाळी पाच ते नऊ येऊ नका. वाढदिवसांची गर्दी असते, मार्शल तेवढेच आणि मुलं चौपट. शनिवारी सकाळी उघडायच्या वेळेला, अकराच्या सुमारास या. मैदान थंड, मार्शल ताजे, चादरी रिकाम्या. बुकिंग करताना विचारा की स्लॉट फक्त तुमचा आहे की अनोळखी माणसं बरोबर घालणार. नऊजणांना बऱ्याचदा थोड्या जास्त पैशांत स्वतंत्र स्लॉट मिळतो, तो घ्या. एकूण साडेतीन-चार तास धरा, त्यातली अंग हलवायची वेळ दीड तासापेक्षा जास्त नको. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या चाळीस मिनिटांत बोलायला लागतात. माझ्या अनुभवात पाय मुरगळतात ते शेवटच्या पंधरा मिनिटांत, ‘अजून एकच’ म्हणताना.

तुमच्यासाठी मी लावलेला क्रम: लेझर टॅग दोन डाव, मग एलईडी खोल्या पन्नास मिनिटं, बसून पाणी, मग दोन टीमनी एस्केप रूम, शेवटी बोलिंग. ट्रॅम्पोलीन मी गाळलंय. नऊपैकी तिघांना ते जमणार नाही, आणि उरलेल्या सहाजणांना परत कधीही जाता येईल.

कपडे ट्रॅकपँट आणि टी-शर्ट. जीन्स गुडघ्यात अडवते, ओढणी कशातही अडकते. अंगठ्या घरी ठेवा. जाळीत अंगठी अडकून माणूस खाली आला तर बोटाची जी अवस्था होते ती मी एकदा पाहिलीय, परत बघायची नाही. मंगळसूत्र काढायचं नसेल तर टी-शर्टच्या आत घेऊन चिकटपट्टीने बसवा. ग्रिप सॉक्स लागतात तिथे ते काउंटरवर वेगळे विकत घ्यावे लागतात. घरी असतील तर आणा, आणि तळाचे रबराचे ठिपके झिजले नाहीत ना ते बघा. खायचं म्हणाल तर दोन तास आधी पोहे, केळं असं हलकं. मिसळ खेळून झाल्यावर, आणि पिणं असेल तर तेही नंतरच. वास आला तर आम्ही आत सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पैसे टीटीएमएम करा, पण एकाने सगळे आधी भरून नंतर वाटून घ्या. काउंटरवर नऊ यूपीआय स्कॅन करण्यात तुमच्याच स्लॉटची दहा मिनिटं जातात.

एवढं करूनही कुणाचा पाय मुरगळला तर लगेच थांबवा. बूट काढा, पाय वर ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा. चोळू नका. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. मान किंवा पाठ धरून कुणी पडलं असेल तर त्याला हलवू नका, उठवून बसवू नका, मार्शलला हाक मारा आणि १०८ लावा.

शेवटचं एक छोटं काम. बुकिंगच्या फॉर्मवर ‘खेळाडू’ आणि ‘प्रेक्षक’ असे दोन रकाने असतात. पैसे वाचतील म्हणून गुडघेवाल्याला प्रेक्षकात टाकाल. तसं केलंत तर काउंटरवरून आठच बँड मिळतील, बोर्डावर आठच नावं दिसतील, आणि कोपऱ्यातल्या फरशीवर उभं राहून ओरडायला आत कुणीच नसेल. खेळाडू: नऊ, असं लिहा.